मशीन वाक्यं वाचत नाही

१२ फेब्रुवारी, दुपार

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र पोचलं. पाकिटावरचं अक्षर ओळखून तुझ्या आत्याने ते माझ्या हातातून काढूनच घेतलं. तिचं दोनदा वाचून झालं, मग ते माझ्या वाट्याला आलं. उत्तराला उशीर झाला त्याचं खापर तिच्या डोक्यावर फोड.

इकडे सगळे बरे आहेत. म्हणजे गुडघा सोडला तर आई बरी आहे, आणि घोरणं सोडलं तर तुझे भावोजी बरे आहेत. लेक नववीत आहे. आरशासमोरून हलत नाही, आणि काही बोललं की म्हणते, "भिंगरीमावशी पण असंच करायची ना? आजी सांगते." या घरात तुझं कौतुक करायला तू हजर असावं लागत नाही, हे मला फार पूर्वीच कळलं आहे.

आपलं केंद्र वरच्या मजल्यावर गेलं. मला स्वतंत्र खोली मिळाली. दारावर पाटी आहे, "तपासणी विभाग प्रमुख". आई बघायला आली होती. पाटी वाचून म्हणाली, "छान." मग खुर्चीत बसून तिने विचारलं, "पण तुम्ही दोघी इथे नक्की करत काय होता गं?" इतक्या वर्षांनी! मी तिला सांगितलं, की नवीन जन्मलेल्या बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेतात, तो तपासायला आमच्याकडे येतो. त्याबरोबर प्रसूतिगृहाच्या कॉम्प्युटरवरून बाळाची माहिती येते. ती माहिती बरोबर आहे का, ते आमचा प्रोग्रॅम बघतो. चूक सापडली किंवा थेंब नीट नसला, की तो दोनदा सांगतो. एकदा तिथल्या माणसाला, एकदा तिथल्या मशीनला.

"एकच गोष्ट दोनदा कशाला?"

"मशीनला 'जरा बघता का' म्हटलेलं कळत नाही, त्याला ठरलेला आकडा लागतो. आणि माणसाला नुसता आकडा दिला की ते डोकं धरून बसतं."

"म्हणजे भिंगरी माणसांशी बोलायची आणि तू मशीनशी?"

"हो."

"तरीच," म्हणाली. तरीच काय, ते मी विचारलं नाही.

दातांच्या दवाखान्यात तू रमलीस हे वाचून बरं वाटलं. डॉक्टरीणबाई म्हणतात म्हणे, की तू बाहेर बसायला लागल्यापासून मुलं आत जाताना रडत नाहीत. तुझं काय, तू जाशील तिथे लोक तुझ्या गळ्यात पडणारच. मी इतकी वर्षं ज्या खुर्चीत बसले, ती खुर्चीसुद्धा माझ्या नावाने कुरकुरते.

आणि ते आभाराचं. तू लिहिलं आहेस, "चौकशीच्या दिवशी सगळे उठून गेले आणि तू एकटी माझ्या शेजारी बसून राहिलीस, ते मी जन्मात विसरणार नाही." अगं, माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या! त्यात आभार कसले मानतेस? विसरून जा.

तू असंही लिहिलं आहेस, की आता एक ओळ लिहायला हात धजत नाही. दवाखान्याच्या दारावर "दार ओढा" एवढी चिठ्ठी लावायची होती, तीसुद्धा तू शेजारच्या मुलीकडून लिहून घेतलीस. वेडी आहेस का? "दार ओढा" लिहिल्याने कुणाचं काय बिघडणार होतं?

ते वाक्य मी बऱ्याचदा वाचलं.

असो. बाकी विशेष काही नाही. तुझ्या गच्चीवरच्या कुंड्यांना उन्हाळ्यात आडोसा कर, नाहीतर मागच्यासारखं सगळं करपेल. आई आशीर्वाद सांगते. पत्र पाठव, म्हणजे आईला पाठव, मी वाचेनच.

तुझी,
ताई


२३ फेब्रुवारी, सकाळी दहा

प्रिय भिंगरी,

तुझं चार ओळींचं पत्र काल मिळालं. "ताई, तुझ्या पत्रात काहीतरी घशात अडकल्यासारखं वाटतंय. तब्येत बरी आहे ना?" एवढंच. सगळ्या पत्रातलं नेमकं तेवढंच तुला ऐकू आलं.

तब्येत बरी आहे. घरात कुणी नाही. तुझे भावोजी आईला गुडघ्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलेत, लेक शाळेत आहे. कामाच्या दिवशी मी घरी का, ते सांगते, पण क्रमाने सांगू दे. उलटसुलट सांगायला लागले तर मी मधूनच पळवाट काढेन.

मला तुझा हेवा वाटायचा. वाटायचा कसला, वाटतो.

तू नऊ वर्षांची असताना मामाने तुला शिकायला आमच्याकडे आणून सोडलं. मी सोळा वर्षांची होते. पहिल्याच आठवड्यात आई तुझी वेणी घालताना गुणगुणायला लागली. माझी वेणी घालताना ती कधी गुणगुणली असेल तर मला आठवत नाही. ते जाऊ दे, पोरकटपणा होता, आणि पुढे मी तो विसरले असं मला वाटत होतं. नाहीतर तुला केंद्रात मी कशाला आणलं असतं? तुझ्यासाठी संचालकांकडे शब्द मी टाकला. "भाषा चांगली आहे मुलीची, माणसांसाठीचे संदेश लिहील," असं म्हटलं. तेव्हा ते काम कुणालाच नको होतं.

आधी काय जायचं, ते आठवतं ना? "त्रुटी ४१२ : रकाना ७ अवैध." नर्सबाईंचे फोन यायचे, "अहो, रकाना सात म्हणजे कुठला?" तू आलीस आणि तिथे लिहिलंस, "नमुना घेतल्याची वेळ बाळाच्या जन्माच्या आधीची दिसते आहे. तारखा उलटसुलट झाल्या का, एकदा बघता का?" महिनाभरात फोन निम्म्यावर आले. त्याच वाक्याखाली बारीक अक्षरात माझा ४१२ होताच. त्याच्यामुळे तिकडचं मशीन ती नोंद अडवून धरायचं. तो नसता तर तुझं वाक्य म्हणजे नुसतं गोड बोलणं होतं. पण ४१२चे आभार कोण मानतं?

मग त्या मोठ्या नर्सबाईंचं पत्र आलं. "तुमच्याकडून चूक कळते तेव्हा ओशाळल्यासारखं होत नाही." संचालकांनी ते बैठकीत मोठ्याने वाचलं. म्हणाले, "तपासणी कशासाठी असते, ते या मुलीला कळलंय." माझ्याबद्दल ते दहा वर्षांत एकदाच बोलले होते. "यांचं काम असं, की नीट असतं तेव्हा दिसत नाही." ते मी घरी येऊन सगळ्यांना कौतुकाने सांगितलं होतं. त्या दिवशी मला त्याचा खरा अर्थ लागला.

ते पत्र तू नाही, दुसऱ्याच कुणीतरी फळ्यावर लावलं, पाण्याच्या फिल्टरच्या वर. पाणी प्यायला उठलं की ते डोळ्यासमोर यायचं. मी घरून बाटली न्यायला लागले. तू विचारलंस, "ताई, घसा धरलाय का?" मी म्हटलं, "हो, गरम पाणी लागतं."

आता खरं सांगते.

नदीपलीकडच्या प्रसूतिगृहातून मला एक फोन आला होता. तिथला कॉम्प्युटर बघणारा माणूस होता. म्हणाला, "मॅडम, आमचं सॉफ्टवेअर जुनं आहे. तुमचा कोड ठेवायला त्यात जागाच नाही. मग मी एक जुगाड केलंय. तुमचं वाक्य 'नमुना नाकारला' असं सुरू झालं, की ते बाळ परत बोलावायच्या यादीत जातं. तसं नसलं की 'ठीक'मध्ये. नर्सबाई फक्त ती यादीच बघतात."

मी त्याला झापलं. "अहो, वाक्य माणसासाठी असतं. ते आज असं, उद्या तसं. कोड बदलत नाही, मशीनने तोच वाचायचा."

"पटतंय मॅडम. नवीन सॉफ्टवेअर दोन महिन्यांत येतंय. तोवर वाक्य बदलणार असाल तर एक दिवस आधी सांगा, मी इकडे बदलून घेईन."

"सांगते," मी म्हटलं. त्याने तेच मेल करूनही पाठवलं. फक्त मला.

फोन ठेवला आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? बाळं नाहीत. मला वाटलं, माणसं तर हिची होतीच, आता मशीनसुद्धा माझा कोड सोडून हिच्या ताब्यातलं वाक्य वाचायला लागलं.

तीनएक आठवड्यांनी तू माझ्या टेबलाशी आलीस. हातात सोललेलं संत्रं होतं. कुठल्याशा प्रसूतिगृहात एक आई कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर उभी होती, तिने "नमुना नाकारला" वाचलं आणि आपलं बाळच नाकारलं असं वाटून ती रडायला लागली, हे तुला कुणा नर्सने सांगितलं होतं. तू नवीन वाक्य लिहून आणलं होतंस, "बाळाचं रक्त पुन्हा एकदा घ्यावं लागेल." किती साधं. मला दहा वर्षांत सुचलं नव्हतं.

तू विचारलंस, "ताई, हे बदललं तर कुठे काही अडणार नाही ना? मशीनकडचं तू बघतेस म्हणून विचारते."

मी मान वर केली नाही. म्हटलं, "मशीन वाक्यं वाचत नाही."

"नक्की ना?"

"किती वेळा विचारशील? बदल."

तू अर्धं संत्रं माझ्या टेबलावर ठेवून गेलीस.

भिंगरी, मी विसरले नव्हते. हे तुला नीट कळावं म्हणून सरळ लिहिते. तू बोलत होतीस तेव्हा तो मेल माझ्या डोळ्यासमोर होता. मला वाटलं होतं, दुसऱ्या दिवशी तो माणूस बोंबलत फोन करेल. चारचौघांत तुझी फजिती होईल, मी दहा मिनिटांत सगळं निस्तरेन, आणि संचालक म्हणतील, "शेवटी अनुभव तो अनुभव." मला एवढंच हवं होतं. एक दिवस.

फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी नाही. त्याने नोकरी सोडली होती, हे मागाहून कळलं. मी मनाची समजूत घातली, की नवीन सॉफ्टवेअर आलं असेल. विचारलं मात्र नाही. त्याच्या मेलखाली तिथला नंबर होता. मला एक फोन करायचा होता, आणि केला असता तर तुझी फजिती राहून गेली असती.

एकोणतीस दिवस. सव्वीस बाळं रक्त पुन्हा न घेताच "ठीक" या यादीत जाऊन बसली. मग ती बाई आपल्या खिडकीशी आली, लेकीला पोटाशी बांधून. "आमचा रिपोर्ट अजून कसा आला नाही?" पुढचं तुला माहीत आहे. सगळ्यांचं रक्त पुन्हा घेतलं, पंचवीस जणं सुखरूप निघाली. नेमकी तिच्याच मुलीला थायरॉईडचा दोष निघाला. ज्या गोळ्या दुसऱ्या आठवड्यात सुरू व्हायच्या, त्या चौतिसाव्या दिवशी सुरू झाल्या.

चौकशी करणाऱ्या तिघांनी तुला विचारलं, "बदल करण्याआधी कुणाला विचारलं होतं का?" तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. म्हणालीस, "नाही. विचारायला हवं होतं. चूक माझी आहे." नंतर सगळे उठून गेले तेव्हा माझ्या पायाला मुंग्या आल्या नव्हत्या. बाहेर कुणी मला काही विचारलं तर, या धास्तीने मी बसून राहिले. आणि तू माझ्या कानाशी येऊन कुजबुजलीस, "तुला तरी कुठे माहीत होतं, ताई? तुझं नाव कशाला मध्ये ओढू?"

मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. त्याचेच तू आता आभार मानते आहेस.

मला त्या क्षणी हायसं वाटलं. आणि त्याच्या पाठोपाठ काय वाटलं, ते मी आजवर स्वतःशीही बोलले नव्हते. दोषी ठरतानासुद्धा ही माझ्याहून चांगली ठरली, याचा मला राग आला.

ठपका घेऊन तू केंद्र सोडून गेल्यावर आठवड्याने फळ्यावरचं ते पत्र मी काढलं. लोक म्हणाले, ताईंना बघवत नाही बिचाऱ्यांना. बघवत नव्हतंच. तुझी वाक्यं वरच्यांच्या हुकमाने काढून टाकली, "रकाना ७ अवैध" परत आलं, आणि नर्सबाईंचे फोनही. मग मी प्रमुख झाले आणि स्वतः वाक्यं लिहायला बसले. "कृपया तारीख दुरुस्त करावी." "कृपया वजन दुरुस्त करावे." पन्नासेक लिहिली. एकीनेही फोन करून विचारलं नाही, की ही कोण लिहितं.

अशी दोन वर्षं गेली. लाज वाटते सांगायला, पण बरी गेली. मग तुझं "दार ओढा" आलं.

तुला पहिलं उत्तर टाकलं त्या संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. ती गुडघ्यावर शेकाची पिशवी धरून बसली होती. पिशवी गार झाल्यावर उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना म्हणाली, "भिंगरीला सांगितलंस?"

"नाही अजून."

"मग मला कशाला सांगतेस?"

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे.

या सोमवारी मी तो मेल छापून संचालकांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, तारीख बघितली, पुन्हा वाचला. म्हणाले, "हे प्रकरण मिटलंय, ताई. त्या मुलीच्या आईवडिलांना आपण 'नकळत झालेली चूक' असं लिहून दिलंय."

"ते खोटं आहे, साहेब. नकळत नव्हती."

"विसरला होतात, असं म्हणता येईल."

"विसरले नव्हते."

त्यांनी तो कागद खणात ठेवला. मग म्हणाले, "खोलीची किल्ली ठेवून जा." मंगळवारपासून मी घरी आहे. चौकशी नव्याने होईल. नोकरी जाईल असं दिसतं. तुझ्या भावोजींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बघू," आणि कधी नव्हे ते पंखा पुसायला घेतला.

ती मुलगी आता दोन वर्षांची आहे. तपासणीला येते तिथे मी फोन करून विचारलं. एकोणिसाव्या महिन्यात चालायला लागली. शब्द बोलते, थोडे कमी बोलते. गोळ्या नियमित आहेत. डॉक्टर म्हणतात, शाळेत जाईल तेव्हा नीट कळेल. तिच्या आईला केंद्राकडून आता खरं काय ते कळवणारं पत्र जायचं आहे. मी निघताना संचालकांनी विचारलं, "कुणी लिहायचं असलं पत्र?" माझ्या डोळ्यासमोर एकच माणूस आलं. मी नाव घेतलं नाही. आजही नाही घेतलं, भिंगरी. बघ मी कशी आहे.

तुझ्यावरचा ठपका काढल्याचं पत्र केंद्रातून तुला येईल. ते कोरडं असेल, त्यावर जाऊ नकोस. माझ्या लेखी जबाबाची प्रत सोबत जोडली आहे. ती डॉक्टरीणबाईंना दाखव, मामाला दाखव, वाटेल त्याला दाखव. तुझं ते वाक्य बरोबर होतं. तू बरोबर माणसाला विचारलं होतंस. त्या माणसाने तुला फसवलं.

मला भीती एकाच गोष्टीची आहे. तू मला लगेच माफ करून टाकशील. तुझा स्वभाव तसा आहे, आणि मग मला त्याचाही हेवा वाटेल. म्हणून घाई करू नकोस. आधी मनसोक्त चीड. चिडून काय वाटेल ते लिही, पण तुझ्या हाताने लिही, दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ नकोस.

उत्तर नाही आलं तरी चालेल, असं लिहिणार होते. चालणार नाही. पोस्टमनच्या वेळेला मी दाराशीच असते.

तुझ्या आत्याची मुलगी